काहीच न सांगणारे प्राध्यापक

गेल्या अंकातील सदरात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट ली मूर यांच्याविषयी मी एक परिच्छेद लिहिला होता. व्याख्यान न देता, पुस्तक न लावता, केवळ व्याख्या आणि प्रमेयांची विधाने देऊन सिद्धता विद्यार्थ्यांकडूनच काढून घेणारे शिक्षक, अशी त्यांची ओळख करून दिली होती आणि सोबत वाचकांना सोडवायला एक प्रमेयही दिले होते. त्यावर नेहमीपेक्षा पुष्कळ पत्रे आली. काही पत्रांत कुतूहल होते, काहींत तक्रार होती आणि एका पत्राने माझी चूक दाखवून दिली. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून मूर यांचे शिकवणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे अनुभव एवढ्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचे टोपॉलॉजीचे सर फळ्यावर प्रमेयाचे विधान लिहितात आणि ‘सिद्धता तुम्ही करा’ असे सांगून खुर्चीत बसतात. कोणी काही विचारले, तर ‘विचार करा’ एवढेच उत्तर मिळते. पुढच्या तासाला ते पुढचे प्रमेय लिहितात. परीक्षा जवळ आली की आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून सिनियर मुलांच्या नोट्स आणतो आणि पाठ करतो. तुमचे सदर वाचून वर्गातला एक जण म्हणाला, ‘म्हणजे आपले सरही मूरच आहेत.’ हे खरे आहे का? मूर यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना नेमका काय अनुभव येत असे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘पुढच्या तासाला ते पुढचे प्रमेय लिहितात’ हे वाक्य मी पुन्हा वाचले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आधीच्या प्रमेयाचे काय झाले, हे विचारल्याशिवाय मूर पुढे जात नसत. कोणीतरी फळ्याजवळ उभे राहून ते पूर्ण सिद्ध करीपर्यंत वर्ग तिथेच थांबत असे, मग त्यात एक तास जावो की कित्येक तास जावोत.

मूर यांचा जन्म १८८२ साली डॅलसमध्ये झाला. शिकागो विद्यापीठातून १९०५ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, काही वर्षे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढली आणि १९२० साली ते टेक्सास विद्यापीठात परतले. तिथे ते १९६९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या हाताखाली ५० जणांनी पीएच.डी. केली. त्यांचे विद्यार्थी एफ. बर्टन जोन्स यांनी १९७७ साली या पद्धतीवर एक लेख लिहिला. तो लेख आणि इतर विद्यार्थ्यांच्या आठवणी एकत्र वाचल्या, म्हणजे त्या वर्गाचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते.

पहिल्याच दिवशी कोणाला किती येते याची मूर चौकशी करीत. ज्याने तो विषय आधीच वाचलेला असेल, त्याला ते त्या वर्गात घेत नसत, कारण उत्तर माहीत असलेला एक जण वर्गात बसला, तरी बाकीच्यांचे शोधणे संपते. त्या विषयावरचे पुस्तक उघडायचे नाही आणि वर्गाबाहेर एकमेकांशी त्या प्रश्नांबद्दल बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. मग काही व्याख्या आणि काही विधाने दिली जात आणि पुढच्या तासापासून एकेकाला फळ्याजवळ बोलावले जाई. बोलावण्याचा क्रम मुद्दाम ठरवलेला असे. जो सर्वांत कच्चा, ज्याला जमले असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याला पहिली संधी मिळे. त्याला जमले, तर त्याच्या आयुष्यातली ती मोठी गोष्ट ठरे. नाही जमले, तर त्याच्या वरच्याला बोलावणे जाई. सर्वांत हुशार मुलाची पाळी शेवटी. फळ्यावर कोणी चुकले की चूक दाखवण्याचे काम प्रामुख्याने वर्गाचे असे. आणि ज्याला ती सिद्धता स्वतःच शोधायची आहे, त्याने दुसऱ्याची सिद्धता कानावर पडू नये म्हणून वर्गाबाहेर जाऊन थांबावे, अशीही मुभा होती. हे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. स्वतः शोधण्याचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून मुले तासातून उठून जातात, असा वर्ग मी माझ्या विद्यार्थिदशेत पाहिला नव्हता.

हे सगळे चालायचे, तर प्रत्येक विद्यार्थी कुठे अडला आहे, कोणती पायरी त्याच्या आवाक्यात आहे आणि कोणती नाही, हे शिक्षकाला रोजच्या रोज ठाऊक असावे लागते. मूर बोलत नव्हते, पण त्या वर्गात सर्वांत जास्त काम तेच करीत होते.

गेल्या अंकात दिलेले प्रमेय घेऊन हे दाखवते. संख्यारेषेवर एक बिंदू ‘प’ आणि एक संच आहे. ‘प’ ज्याच्या पोटात आहे अशा प्रत्येक ओपन इंटरव्हलमध्ये (म्हणजे दोन्ही टोकांचे बिंदू वगळलेल्या रेषेच्या तुकड्यात), तो कितीही छोटा घेतला तरी, त्या संचाचा ‘प’ सोडून आणखी एखादा बिंदू सापडत असेल, तर ‘प’ला त्या संचाचा लिमिट पॉइंट म्हणायचे. आता ‘प’ हा ‘ह’ आणि ‘क’ या दोन संचांच्या संयोगाचा, म्हणजे दोघांतले सगळे बिंदू एकत्र केलेल्या संचाचा, लिमिट पॉइंट असेल, तर तो ‘ह’चा तरी किंवा ‘क’चा तरी लिमिट पॉइंट असलाच पाहिजे, हे सिद्ध करायचे.

हे प्रमेय मी माझ्या वर्गात अनेकदा दिले. एका वर्षी एक मुलगा आत्मविश्वासाने पुढे आला आणि त्याने लिहिले, ‘प्रत्येक इंटरव्हलमध्ये ह किंवा क यांचा बिंदू आहे. म्हणून प्रत्येक इंटरव्हलमध्ये ह चा बिंदू आहे, किंवा प्रत्येक इंटरव्हलमध्ये क चा बिंदू आहे. सिद्ध.’ वर्गाने माना डोलावल्या. मी काही बोलले नाही. मग खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘प्रत्येक पूर्ण संख्या सम किंवा विषम असते. म्हणून प्रत्येक संख्या सम असते, किंवा प्रत्येक संख्या विषम असते, असे म्हणायचे का?’ त्या मुलाचा हात फळ्यावरच थांबला. पुढची पंधरा-वीस मिनिटे कोणी बोलले नाही. मग त्याने एक रेषा काढली, तिच्यावर ‘प’ मांडला, ‘ह’ला चुकवणारा एक इंटरव्हल वरच्या बाजूने काढला, ‘क’ला चुकवणारा दुसरा खालच्या बाजूने काढला आणि दोघांचा मधला सामाईक तुकडा खडू आडवा धरून रंगवला. ‘इथे तर कोणीच नाही,’ तो म्हणाला. तेच उत्तर होते. सामाईक तुकडाही ‘प’भोवतीचा ओपन इंटरव्हलच आहे आणि त्यात ‘प’ सोडून ना ‘ह’चा बिंदू आहे, ना ‘क’चा. मग ‘प’ संयोगाचा लिमिट पॉइंट असेलच कसा?

ती सिद्धता सांगायला मला दोन मिनिटे पुरली असती. मुलांनी ती उतरवून घेतली असती आणि ‘किंवा’ने घातलेला घोळ त्यांच्या डोक्यात तसाच राहिला असता.

तुमच्या सरांविषयी मी मत देणार नाही, कारण मी त्यांचा वर्ग पाहिलेला नाही. पण ज्या वर्गात प्रमेय लिहिले जाते, कोणी फळ्याकडे जात नाही, कोणाची चूक कोणाच्या नजरेस पडत नाही आणि शेवटी झेरॉक्सच्या नोट्सवर परीक्षा निघते, त्या वर्गाला मूर यांचे नाव देऊ नये. तुम्ही चौघी-पाच जणी मिळून एखाद्या प्रमेयाची तुमची अर्धवट सिद्धता सरांकडे घेऊन जा आणि ‘सर, इथपर्यंत जमले, या पायरीवर अडलो’ असे सांगा. अडलेली जागा बोटाने दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘विचार करा’ म्हणून परत पाठवणे बहुतेक शिक्षकांना जड जाते.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात गणित शिकतो. तुमचे सदर वाचून तो पुस्तके बाजूला ठेवून सगळे स्वतःच शोधायचे म्हणतो आहे. मूर यांच्या विद्यार्थ्यांनी खरेच पुस्तके वाचली नाहीत का? पुढे त्यांचे नुकसान झाले नाही का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : नुकसान झाले, आणि ते त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या विद्यार्थिनीनेच सांगून ठेवले आहे.

मेरी एलन रूडिन यांचा जन्म १९२४ चा. टेक्सासमधल्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात त्यांचे बालपण गेले. १९४१ साली त्या टेक्सास विद्यापीठात प्रवेश घ्यायला आल्या, तेव्हा काय शिकायचे हे त्यांनी ठरवलेले नव्हते. नावनोंदणीच्या दिवशी गणिताच्या टेबलाशी गर्दी कमी होती, म्हणून त्यांना तिकडे पाठवले गेले. तिथे बसलेल्या वयस्क गृहस्थांनी त्यांच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि ‘जर’, ‘तर’ असे शब्द येणाऱ्या काही वाक्यांचा अर्थ विचारला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर तेच गृहस्थ शिकवायला उभे होते. ते मूर होते. त्यानंतर पीएच.डी. होईपर्यंत त्या सतत मूर यांच्या कोणत्या ना कोणत्या वर्गात होत्या.

पुढे त्यांनी आपल्या शिक्षणाविषयी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही एकत्र वाचायला हव्यात. एक अशी, की मूर यांनी आपल्याला धरून ठेवले आणि आपण गणितज्ञ झालेच पाहिजे असा आग्रह धरला, म्हणून आपण गणितज्ञ झालो. समोरचा प्रश्न कितीही अवघड असो, आपण त्याला भिडू शकतो हा विश्वास त्यांनी आपल्यात घातला. दुसरी अशी, की आपली फसवणूक झाली असे आपल्याला वाटत राहिले. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, तोवर त्यांनी गणितातला एकही शोधनिबंध वाचलेला नव्हता. इतर विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या तरुणांना जे सहज येत होते, ते त्यांच्या कानावरही आलेले नव्हते. ते सगळे त्यांना नंतर शिकावे लागले.

त्या शिकल्या. विशिष्ट गुणधर्म असलेले एक अवकाश असू शकते का, हा गणितज्ञ डाउकर यांनी १९५१ साली उपस्थित केलेला टोपॉलॉजीतला प्रश्न वीस वर्षे अडून बसला होता. रूडिन यांनी १९७१ साली तसे अवकाश प्रत्यक्ष रचून दाखवले. प्रश्नाला भिडण्याची जिद्द त्यांना मूर यांच्या वर्गात मिळाली असे मला वाटते. पण इतरांनी काय करून ठेवले आहे हे नंतर कष्टाने वाचले नसते, तर केवळ जिद्द पुरली असती का, याची मला शंका आहे.

तेव्हा मुलाला माझा निरोप असा द्या. पुस्तक ठेवायचे, पण सिद्धता वाचण्याआधी विधान वाचून पुस्तक बंद करायचे आणि एक संध्याकाळ त्या विधानाला द्यायची. जमले तर आपली आणि पुस्तकातली सिद्धता शेजारी ठेवून पाहायची. नाही जमले तर पुस्तकातल्या सिद्धतेची फक्त पहिली ओळ वाचून पुन्हा बंद करायचे. त्याने गणित निवडले आहे याचा मला आनंद वाटतो. त्याला एकट्याने सगळे शोधायला लावू नका; त्याच्याकडे मूर यांच्यासारखा रोज समोर बसणारा शिक्षक नाही.

प्रश्न : मॅडम, मी एका वरिष्ठ महाविद्यालयात चार वर्षांपासून शिकवते. गेल्या वर्षी रिअल अ‍ॅनॅलिसिसच्या तासाला मी ही पद्धत वापरून पाहिली. हजेरीपटावर ७२ विद्यार्थी आहेत. तीन मुले रोज पुढे येत, बाकीचे माना खाली घालून बसत. पोर्शन अर्धा राहिला. सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थ्यांनी भरलेल्या फीडबॅक फॉर्मवर ‘मॅडम शिकवत नाहीत’ असे कित्येकांनी लिहिले. प्राचार्यांनी बोलावून विचारणा केली. माझे काय चुकले?
— एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझे पहिले वर्ष आठवले. तेव्हा मी ज्या महाविद्यालयात होते, तिथे मीही हाच प्रयोग केला होता आणि माझ्या वर्गातही तिघेच बोलत होते. त्या वर्षीची एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे. मराठी माध्यमातून आलेली, जवळच्या खेड्यातून एस.टी.ने येणारी, कधीही न बोलणारी. ती लाजेल, रडेल, या विचाराने मी तिला एकदाही फळ्याजवळ बोलावले नाही. मला ती माझी दया वाटत होती. शेवटच्या तासानंतर तिने माझ्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. वर्षभरात मी दिलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रमेयाची सिद्धता त्या वहीत होती, मराठी आणि इंग्रजी मिसळून लिहिलेली. त्यातली एक माझ्या सिद्धतेपेक्षा सोपी होती. मी तिला विचारले, ‘तू कधी सांगितले का नाहीस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही कधी बोलावलेच नाही.’

त्यानंतर मी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांवर वर्ग सोपवणे बंद केले. ‘कोण येते?’ असा प्रश्न विचारला की तीच तीन मुले येतात, हा जगभरचा अनुभव असावा. म्हणूनच मूर नाव घेऊन बोलावत आणि खालून सुरुवात करीत. पण नाव घेऊन बोलवायचे तर त्या नावाला काय येते हे आपल्याला आधी कळायला हवे. ७२ जणांत ते कसे कळणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मी एक साधी गोष्ट करीत असे. प्रत्येक तासाला शेवटची पाच मिनिटे मुलांनी अर्ध्या कागदावर नाव घालून लिहायचे, की दिलेल्या प्रश्नात आपण कुठपर्यंत पोहोचलो आणि कुठे अडलो. इंग्रजीत नाही सुचले तर मराठीत लिहायचे. गुण नाहीत, चुकीला शेरा नाही. त्या चिठ्ठ्या घरी नेऊन रात्री वाचल्या, की दुसऱ्या दिवशी कोणाला कोणत्या ओळीसाठी बोलवायचे ते नक्की ठरे. आख्खी सिद्धता करायला कोणालाच बोलवायचे नाही. ‘तुमच्या चिठ्ठीतली दुसरी ओळ फळ्यावर लिहा’ एवढेच म्हणायचे. जे लिहायचे ते त्या मुलाने आधीच बरोबर लिहिलेले असते, त्यामुळे पाय लटपटत नाहीत. चिठ्ठ्या वाचायला रोज दीड-दोन तास जात, हे मान्य करते. त्याखेरीज मला ही पद्धत साधली नाही.

भाषेची गोष्ट मुद्दाम पुन्हा सांगते. माना खाली घालून बसलेल्यांपैकी कितीतरी मुले गणिताला नव्हे, तर फळ्यावर सगळ्यांदेखत इंग्रजी वाक्य लिहायला घाबरलेली असतात. ‘समजा, प हा ह चा लिमिट पॉइंट नाही’ असे लिहायला परवानगी आहे हे पहिल्याच दिवशी सांगितले, तर वर्गाचा चेहरा बदलतो.

पोर्शनचे म्हणाल, तर सगळा पेपर या पद्धतीने शिकवायच्या भरीस पडू नका. विद्यापीठाची परीक्षा आहे, इंटर्नल आहे, पुढे नेट-सेट द्यायची आहे आणि मुलांना त्याची काळजी वाटणे रास्त आहे. मी आठवड्यातला एकच तास यासाठी ठेवत असे आणि बाकीचे तास नेहमीप्रमाणे शिकवत असे. त्या एका तासासाठी प्रमेये निवडताना मी सर्वांत महत्त्वाची नव्हे, तर ज्यांत चुकायला जागा आहे अशी निवडत असे. आणि पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना, तसेच प्राचार्यांनाही, या तासाला मी उत्तर सांगणार नाही आणि का सांगणार नाही, हे स्पष्ट सांगून ठेवत असे. ‘मॅडम शिकवत नाहीत’ हा शेरा अन्यायाचा आहे, पण ज्यांना कारण सांगितलेलेच नाही त्यांना तसे वाटले, यात नवल नाही.

तुमच्यासारख्या शिक्षकांना आपल्याकडे अगदीच आधार नाही असे नाही. मुंबई विद्यापीठातील तेव्हाचे प्राध्यापक एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ साली ‘एमटीटीएस’ (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी शिबिर सुरू झाले. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या साहाय्याने चालणाऱ्या या शिबिरात देशभरातून आलेल्या मुलांना सतत प्रश्न विचारत, उदाहरणांवरून व्याख्या आणि प्रमेये त्यांच्याकडूनच काढून घेत गणित शिकवले जाते. तिथे मूर यांच्यासारखी पुस्तकबंदी नाही. माझे जे विद्यार्थी तिथे जाऊन आले, ते परतल्यावर वर्गात हात वर करायला लागले, हे मी स्वतः पाहिले आहे. तुमच्या वर्गातील दोघा-तिघांना यंदा अर्ज करायला सांगा.

प्रश्न : तुम्ही मूर यांचे कौतुक केलेत. हे गृहस्थ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेत नसत, हे तुम्हाला ठाऊक नव्हते, की ते लिहिण्याजोगे वाटले नाही?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ठाऊक होते. जागा कमी आहे म्हणून मी ते गाळले आणि ती माझी चूक झाली. विद्यार्थ्यांच्या अनुभवाविषयी लिहायचे आणि दारावरच अडवलेल्या विद्यार्थ्यांचा अनुभव गाळायचा, हे बरोबर नाही.

विव्हियन मलोन-मेज यांचा जन्म १९३२ साली टेक्सासमधील वेको येथे झाला. फिस्क विद्यापीठातून त्यांनी बी.ए. आणि एम.ए. केले, काही वर्षे शिकवले आणि १९६१ साली आपल्याच गावातील बेलर विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी अर्ज केला. त्या कृष्णवर्णीय आहेत म्हणून तो नाकारला गेला. तेव्हा त्या टेक्सास विद्यापीठात आल्या. कायद्याने तिथले दार उघडलेले होते, पण मूर यांचा वर्ग त्यांच्यासाठी बंद होता. आपण कृष्णवर्णीयांना शिकवत नाही, असे मूर उघड सांगत. मलोन-मेज यांचे मार्गदर्शक आणि सहाध्यायी गणितावर बोलायला ज्या कॉफीगृहात जमत, तिथेही कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. कामाच्या निम्म्या गोष्टी वर्गाबाहेरच्या गप्पांत कळतात, हे संशोधन केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या गप्पा त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. अशा स्थितीत त्यांनी १९६६ साली पीएच.डी. मिळवली आणि ज्या बेलरने पाच वर्षांपूर्वी त्यांना विद्यार्थिनी म्हणून नाकारले होते, तिथेच त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. कृष्णवर्णीय स्त्री म्हणून पीएच.डी.च्या वाटेवरचा ताण सोसायला विद्येवर अमाप श्रद्धा असावी लागली, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले आहे.

टेक्सास विद्यापीठाने आपल्या एका मोठ्या इमारतीला मूर यांचे नाव दिले होते. ते २०२० साली काढण्यात आले.

आता पद्धतीचे काय, असे तुम्ही विचाराल. पद्धत मी टाकून देणार नाही, कारण तिच्यामुळे माझ्या वर्गातली मुले बोलती झाली आहेत. पण मूर यांच्या पद्धतीचा पाया विद्यार्थी निवडण्यात होता आणि ‘वर्गात कोण बसेल हे मी ठरवीन’ असे म्हणणारा शिक्षक ते कशाच्या आधारावर ठरवतो, हा प्रश्न त्या पद्धतीपासून वेगळा काढता येत नाही. सर्वांत कच्च्या मुलाला पहिली संधी देणाऱ्या माणसाने दाराबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला एकही संधी दिली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एक सांगताना दुसरी सांगावीच लागेल. आपल्या वर्गांत असे उघड कोणी म्हणत नाही, पण आडनाव ऐकून किंवा बोली ऐकून एखाद्याकडे खडू कधीच न देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला मीही वर्षभर खडू दिला नव्हता. माझे कारण निराळे होते, पण तिच्या वाट्याला आले ते तेच.

तुम्ही पत्र लिहिलेत याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या अंकातले प्रमेय मी सोडवले, माझी सिद्धता सोबत जोडली आहे. मग मला वाटले, की दोनच संच कशाला? अनंत संच घेतले तरी तेच खरे असणार. ‘प’ हा अनंत संचांच्या संयोगाचा लिमिट पॉइंट असेल, तर त्यांतल्या कोणत्या तरी एका संचाचा तो लिमिट पॉइंट असेल. सिद्धताही तशीच आहे. १. समजा, प कोणत्याच संचाचा लिमिट पॉइंट नाही. २. मग प्रत्येक संचाला चुकवणारा एक ओपन इंटरव्हल प भोवती मिळतो. ३. या सगळ्या इंटरव्हलांचा सामाईक तुकडा हा प भोवतीचा ओपन इंटरव्हल आहे. ४. त्यात प सोडून कोणत्याच संचाचा बिंदू नाही. ५. म्हणून प संयोगाचा लिमिट पॉइंट नाही, ही विसंगती. बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : दोन संचांची सिद्धता बरोबर आहे आणि नीटस लिहिली आहे. कोणी न सांगता तुम्ही पुढचा प्रश्न स्वतः विचारलात, याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या सिद्धतेतली पहिली आणि दुसरी ओळ मला मान्य आहे. तिसऱ्या ओळीपाशी थांबा. दोन इंटरव्हल असताना सामाईक तुकड्याचे डावे टोक कोणते आणि उजवे टोक कोणते, हे तुम्ही पहिल्या सिद्धतेत दाखवले आहे. आता इंटरव्हल अनंत आहेत. तशीच दोन टोके मला दाखवा. सोपे जावे म्हणून ‘प’ शून्यावर ठेवा, प्रत्येक संचात एकच बिंदू घ्या आणि कागदावर खरोखर रेषा काढा.

मी यापुढे काही लिहीत नाही. या महिन्याच्या २० तारखेपर्यंत उत्तर पाठवा, आणि ज्या वाचकांना हे आधीच ठाऊक आहे त्यांनी कृपया ते कळवू नये.